घासूपुसू नका

वस्तू येते ती बहुधा बुटांच्या खोक्यातून. आजोबा गेले, घर रिकामे करायला काढले, पोटमाळ्यावर खोके सापडले. आत चार पदके, एक संगीन, दोन फोटो आणि आजच्या कुणाला वाचता न येणाऱ्या जुन्या जर्मन वळणाची पत्रे. हे सगळे घेऊन माणूस जर्मनीतल्या झोलिंगेनजवळ एका संवर्धिकेच्या कार्यशाळेत येतो आणि खोके टेबलावर ठेवता ठेवता अभिमानाने सांगतो, "आणण्याआधी जरा चमकवून आणलंय." हे ऐकले की तिच्या पोटात गोळा येतो. काय लावून चमकवले, हे तिला विचारावे लागत नाही. झाकण उघडताच वासावरून कळते.

जुन्या धातूंचे संवर्धन हा तिचा पेशा, आणि त्यातही जर्मन सैनिकी पदके आणि पाती हा तिचा खास प्रांत. तिचे आजोबा वुपर नदीकाठच्या एका कोट्टेनमध्ये, म्हणजे पाणचक्कीवर चालणाऱ्या सहाणेच्या कारखान्यात, पाती घासायचे. आजोबांनी जन्मभर पोलादाला चमक आणली आणि नात जन्मभर लोकांना चमक आणू नका म्हणून सांगते आहे. आजोबा असते तर या धंद्याला त्यांनी धंदा म्हटले असते की नाही, याची तिला शंकाच आहे.

पदकांमध्ये सर्वांत जास्त येतो तो आयर्न क्रॉस. 10 मार्च 1813 रोजी ब्रेस्लाउ येथे प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी हे पदक सुरू केले. ती त्याच्या दिवंगत राणीची, लुइझेची, जन्मतारीख. आराखड्याला हात लागला होता वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिख शिंकेलचा. दिवस ओढगस्तीचे होते, म्हणून सोने नाही; काळे ओतीव लोखंड आणि भोवती चांदीची अरुंद चौकट. त्याच सुमारास प्रशियातल्या बायका अंगावरचे सोने युद्धनिधीला देऊन बदल्यात लोखंडाचे दागिने घालत होत्या. शिपाई असो की सेनापती, क्रॉस एकच, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. पुढे 1870, 1914 आणि 1939 अशा तीन युद्धांच्या तोंडावर हे पदक पुन्हा पुन्हा सुरू झाले. पहिल्या महायुद्धात तर दुसऱ्या वर्गाचे सुमारे 50 लाख क्रॉस वाटले गेले. हा आकडा ती गिऱ्हाइकाला सांगते तेव्हा त्याचा चेहरा पडतो. आजोबांचा क्रॉस लाखात एक असेल अशी त्याची समजूत असते.

तिचे काम त्यानंतर सुरू होते. 1914 चा क्रॉस ती भिंगाखाली आडवा धरते आणि आधी कड पाहते. अस्सल क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मध्ये लोखंडाचे पान, पुढून-मागून चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे, आणि ते कडेला डाख देऊन जोडलेले. हा सांधा केसाएवढा असतो, पण असतो. साच्यात एकाच तुकड्यात ओतलेल्या नकलेला तो नसतो, किंवा कुणीतरी नंतर कानशीने ओढलेला असतो. चुंबक जवळ नेला की मधले लोखंड बहुतेक वेळा ओढ दाखवते. मग वरची कडी. तिच्यावर बारीक ठसा सापडला तर बनवणाऱ्याचा पत्ता लागतो. 'के' आणि 'ओ' ही दोन अक्षरे म्हणजे बर्लिनची शाही टांकसाळ. समोरचा मुकुट आणि खालचे 'डब्ल्यू' हे अक्षर, म्हणजे कैसर विल्हेल्म, उठावदार असल्यामुळे त्यांच्या शेंड्यांवरचा काळा रंग आधी जातो. पाठीमागे 1813 हे वर्ष आणि ओकची पाने असतात; माणसाने पदक खरोखर लावले असेल तर हा भाग गणवेशाच्या कापडावर घासून गुळगुळीत झालेला असतो. आणि चौकटीच्या आतल्या कडेने बारीक मण्यांची जी रांग असते, तिच्या फटींत पांढरी पूड अडकलेली दिसली, तर घरच्या कुणीतरी भांडी घासायची पेस्ट वापरली हे नक्की.

त्या पांढऱ्या पुडीबरोबर काय गेले, हे गिऱ्हाइकाला समजावणे सर्वांत अवघड. गेलेला असतो तो त्या माणसाचा वापर. आणि जर्मन पदकाच्या बाबतीत बहुधा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

कारण या पदकांवर नाव नसते. साताऱ्याकडच्या एखाद्या घरात पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश पदक निघाले, तर त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. घरच्यांना विसर पडला तरी पदक विसरत नाही. आयर्न क्रॉस मात्र मुका. कुणाला मिळाला, कुठे मिळाला, हे सोबतच्या कागदावर. तो कागद हरवला की सैन्याच्या दप्तरात शोधायचे, आणि नेमके तेच दप्तर नाही. प्रशियाच्या सैन्याचे अभिलेखागार पॉट्सडॅममध्ये होते. 14 एप्रिल 1945 च्या रात्री पॉट्सडॅमवर बॉम्ब पडले, आणि पहिल्या महायुद्धात लढलेल्या प्रशियन शिपायांच्या सेवानोंदी बहुतांशी जळून गेल्या. शिपाई बव्हेरियाचा असेल तर नशीब म्हणायचे, त्याच्या नोंदी म्युनिकला शाबूत आहेत. प्रशियाचा असेल तर छापील हताहत-याद्या चाळायच्या, म्हणजे तो जखमी तरी व्हायला हवा होता. धडधाकट परतलेल्या माणसाचा माग सर्वांत कमी लागतो.

म्हणूनच एकेकट्या पदकापेक्षा तिला पदकपट्टी प्रिय. गणवेशावर एका ओळीत लावण्यासाठी शिंप्याने पत्र्यावर फिती दुमडून शिवलेली, मागे फेल्ट, खाली टाचणी. कुठले पदक कुणाच्या आधी लावायचे याचे नियम होते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचत गेले की माणूस हळूहळू उलगडतो. तिच्याकडे आलेल्या एका पट्टीवर आधी काळ्या-पांढऱ्या फितीचा आयर्न क्रॉस होता, त्याशेजारी लाल मीन्याचा हॅम्बर्गचा हान्सिॲटिक क्रॉस, आणि शेवटी 1934 चा युद्धसन्मान क्रॉस, तलवारींसह. 1918 पर्यंत जर्मनीतल्या प्रत्येक राज्याची आपापली पदके होती. हॅम्बर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन स्वतंत्र नगरांनी आपले क्रॉस 1915 मध्ये काढले. म्हणजे माणसाचा हॅम्बर्गशी काहीतरी संबंध. शेवटच्या क्रॉसवर तलवारी, म्हणजे तो प्रत्यक्ष आघाडीवर होता. कचेरीत किंवा कोठारात काम केलेल्यांना बिनतलवारीचा मिळे. पाठीमागच्या फेल्टवर शिंप्याच्या दुकानाची चिठ्ठी, अर्धी फाटलेली. फाटली होती तरी शहराचे नाव वाचता येत होते. नातवाला आजोबा हॅम्बर्गला कधी गेले होते हेही ठाऊक नव्हते.

हा 1934 चा क्रॉस ही एक वेगळीच गोष्ट. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने 13 जुलै 1934 ला तो जाहीर केला आणि तीन आठवड्यांच्या आत स्वतः वारला. आघाडीवरच्यांना एक, बाकी सैनिकांना एक, आणि युद्धात मेलेल्यांच्या विधवांना व आईवडिलांना काळ्या रंगाचा एक, असे तीन प्रकार. मिळून 80 लाखांहून जास्त वाटले गेले. बाजारात त्याला भाव जवळजवळ नाही. तरी काळा क्रॉस आला की ती तो सर्वांत वरच्या खणात ठेवते. भाव नाही म्हणून लोकांनी हे काळे क्रॉस कसेही वापरले आहेत, मुलांना खेळायला दिले आहेत, असे ती जरा चिडूनच सांगते. चिडण्याचा तिला हक्क आहे असे वाटते. भावावरून वस्तूची किंमत ठरवण्याची खोड संग्राहकांमध्ये फार.

फिती तपासायला तिच्याकडे अतिनील दिवा आहे. खोलीत अंधार करून दिवा लावला की युद्धापूर्वीचे सुती किंवा रेशमी सूत मंद राहते; नंतरच्या कृत्रिम धाग्यात आणि पांढरेपणा आणणाऱ्या रसायनात मात्र निळसर उजेड पेटतो. फीत नवी असली म्हणजे पदक खोटे असे नाही. विरलेली फीत कितीतरी जणांनी पुढे बदलली. पण शिवणीचा दोरा चमकला आणि विकणारा "कधी उघडलीच नाही" अशी शपथ घेत असला, तर ती पट्टी परत करते. काही बोलत नाही.

पाती हा मामला निराळा.

झोलिंगेनमध्ये पात्यांना पाणी देणारे आणि घासणारे यांच्या पेशाला पहिली सनद मिळाली 1401 मध्ये. घडवणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. शहराच्या नावाला आज कायद्याचे संरक्षण आहे, झोलिंगेन हा शिक्का दुसरीकडे बनलेल्या चाकूवर मारता येत नाही. पण जुन्या झोलिंगेनकरांचे हात याबाबतीत अगदी स्वच्छ नव्हते. पासाउ शहराच्या तलवारींवर धावत्या लांडग्याची खूण असे, आणि त्या तलवारींचा दबदबा होता. झोलिंगेनवाल्यांनी तोच लांडगा आपल्या पात्यांवर खुशाल कोरायला सुरुवात केली. पाच-सहा फटकाऱ्यांत काढलेला हा लांडगा कधी कुत्रा दिसतो, कधी नुसत्या रेघोट्या.

हा लांडगा आपल्याकडेही पोचला. युरोपातून समुद्रमार्गे आलेली सरळ, लवचीक पाती दख्खनमध्ये देशी मुठींवर बसवली जात, आणि अशा तलवारीला फिरंगच म्हणत. दांडपट्ट्यालाही बऱ्याचदा विलायती पाते असे. या पात्यांत जर्मन माल पुष्कळ होता, आणि धावत्या लांडग्याच्या खुणेची पाती भारतीय मुठींवर आजही सापडतात. गिऱ्हाईक असे पाते घेऊन आले आणि मूठ काढून टाका, जर्मन पाते तेवढे ठेवू असे म्हणाले, की ती साफ नकार देते. पाते वुपरच्या काठी घडले असेल, पण त्याचे आयुष्य गेले दुसऱ्या मुठीत. ते पुसून त्याला पुन्हा जर्मन करण्यात काय अर्थ?

हाच प्रश्न तिला सर्वांत टोकदारपणे विचारला तो एका करवती संगिनीने. 1905 च्या नमुन्याची ही रुंद संगीन पहिल्या महायुद्धात खूप वापरली गेली. तिच्या काही नगांच्या पाठीवर करवतीचे दुहेरी दात असत, लाकूड कापायला. शत्रूपक्षाने हे दात म्हणजे जर्मन क्रौर्याचा पुरावा म्हणून गाजवले, आणि अशी संगीन घेऊन पकडला गेलेल्या शिपायाची गत वाईट होई अशी धास्ती खंदकांत पसरली. रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या कादंबरीतही तिचा उल्लेख आहे. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात कितीतरी संगिनींचे दात घासून सपाट करण्यात आले. तिच्या टेबलावर आलेली संगीन अशीच सपाट केलेली. पाठीवर मूठ संपते तिथे मुकुट, 'डब्ल्यू' आणि 15, म्हणजे 1915 ची. आणि त्यापुढे दातांच्या जागी घासल्याचे आडवेतिडवे चरे. मालकाला दात परत हवे होते. तशी संगीन बाजारात जास्त पैसे देते. "मूळ रूपात आणा," असा त्याचा हट्ट. तिने चरे भिंगाखाली दाखवले. कुणा शिपायाने किंवा शस्त्रागारातल्या कारागिराने भीतीपोटी किंवा हुकमावरून ओढलेले. तिच्या मते मूळ रूप हेच. मालकाला पटले नाही, आणि तो संगीन घेऊन गेला.

गंजाचे म्हणाल तर तो शत्रू खराच, पण त्याच्याशी लढताना तिला सतत तडजोड करावी लागते. लोखंडाला कोरडी हवा हवी, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम. चामड्याची म्यान मात्र तेवढ्या कोरड्या हवेत आक्रसते, शिवणीवर तडकते. म्हणजे तलवार म्यानेत ठेवायचीच नाही. चामड्यातली कमावणीची रसायने आणि साठलेला ओलावा पात्याला आतून खातात. पाते एका खोक्यात, म्यान दुसऱ्यात, दोन्हींवर एकच क्रमांक. भिंतीवर तलवार म्यानेसकट टांगण्याची हौस असलेल्यांना हे अजिबात रुचत नाही. पदकाचे दुखणे आणखी नाजूक: एकाच वस्तूत लोखंड, चांदी आणि रेशीम. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, आणि गंधक सोडणारे लोकरी फेल्ट तर पदकपट्टीच्या पाठीलाच शिवलेले. आजोबांच्या पिढीतल्या संग्राहकांची ओकची सुंदर कपाटे म्हणजे दुसरे संकट. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जस्ताच्या स्वस्त पदकांवर ती पांढरा बुरा उठवते. काही खंजिरांच्या मुठी सेल्युलॉइडच्या. त्या कुजायला लागल्या की स्वतःबरोबर शेजारचा धातूही नासवतात, म्हणून त्यांची पेटी वेगळी.

यावर तिचा इलाज पाहायला कंटाळवाणा आहे. नायट्राइलचे हातमोजे, कारण घामातले मीठ पोलादावर बोटांचे ठसे कायमचे कोरते. मऊ ब्रश. सैल झालेला लाल गंज भिंगाखाली बांबूच्या काडीने उचलायचा. काळा, घट्ट बसलेला थर तसाच ठेवायचा, कारण त्याच्याखालीच कोरीव नक्षी आणि निळसर मुलामा तग धरून असतो. शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या शतकाच्या मध्याला तयार झालेल्या मेणाचा पातळ हात. बस. आम्लविरहित कागदात गुंडाळायचे आणि वर्षाने पुन्हा पाहायचे. पोलाद-लोकर घेऊन आरशासारखे केलेले पाते तिच्याकडे आले तर मेण लावण्यापलीकडे करण्यासारखे काही उरलेले नसते. नक्षी गेलेली असते, बनवणाऱ्याचा ठसा पुसट, आणि मालक विचारतो, इतके छान दिसते तरी भाव का येत नाही.

स्वस्तिक असलेल्या वस्तू येतात तेव्हा कार्यशाळेतली हवा बदलते. जर्मन कायद्यानुसार नाझी चिन्हे उघड मिरवणे गुन्हा आहे. इतिहास, संशोधन, शिक्षण यांसाठी सवलत आहे, पण लिलावाच्या छापील सूचीत त्या जागी चौकोन चिकटवलेला दिसतो. 1957 च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातली पदके लावायची परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून. मग आयर्न क्रॉसवर त्या जागी ओकची पाने आली आणि जुन्या सैनिकांनी नव्याने घडवलेले क्रॉस विकत घेतले. म्हणजे एकाच माणसाचे दोन क्रॉस असू शकतात, एक 1941 मध्ये मिळालेला आणि एक 1957 नंतर दुकानातून आणलेला. वारसांना दुसरा नकली वाटतो. तिला दोन्ही एकत्रच हवे असतात. त्या माणसाने युद्धानंतर काय मिरवायचे ठरवले, हे दुसऱ्यातच कळते. संग्रहालय किंवा कुटुंब यांच्याखेरीज कुणाकडून ती या काळातल्या वस्तू घेत नाही. खंजीर दिवाणखान्यात लावणारा माणूस तिला पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो, आणि तिसऱ्या वाक्याला तिचे काम फार वाढलेले असते.

याच काळातल्या नकलांचे जंगलही सर्वांत दाट. 4 आणि 5 नोव्हेंबर 1944 च्या हवाई हल्ल्यांत झोलिंगेनचे जुने शहर बेचिराख झाले, पण कारखान्यांत सुटे भाग उरले होते. युद्धानंतर ते विकत घेऊन, जोडून, 'सैनिकाने घरी नेलेली आठवण' म्हणून परदेशात खपवण्याचा व्यापार जोरात चालला. पाते खरे, मूठ खरी, परज खरी, पण खंजीर युद्ध संपल्यावर जन्मलेला! आझाद हिंद पदकांचेही असेच. सुभाषबाबूंनी जर्मनीत असताना 1942 मध्ये काढलेली ही पदके व्हिएन्नातल्या एका कारखान्यात घडली, आणि युद्धानंतरही त्यांच्या प्रती निघत राहिल्या. भारतीय खरेदीदार भावनेच्या भरात पैसे मोजतात. अशी पदके तपासायला आली की ती धातूबद्दल जेवढे सांगता येईल तेवढेच लेखी देते. कुणी, कुणाला आणि कधी दिले, हे पदकावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच कागदावर लिहिते.

हा कागद म्हणजे तिच्या कामाचा अर्धा भाग. प्रत्येक वस्तूबरोबर ती अहवाल देते: वजन, मापे, दोन्ही बाजूंचे फोटो, ठसे, फितीची अवस्था, घरच्यांनी सांगितलेली हकिगत त्यांच्याच शब्दांत, आणि ती हकिगत कुणी सांगितली याची तारखेसह नोंद. पॉट्सडॅमला जे जळाले ते यातून परत येत नाही, पण पुढच्या पिढीच्या हाती निदान इतके तरी असते. अहवालात एक रकाना 'काय केले नाही' असा आहे. चांदीचा काळेपणा काढला नाही, फीत बदलली नाही, मागची चिठ्ठी सोडवली नाही, वाकलेली टाचणी सरळ केली नाही. बिलात या अहवालाचे पैसे वेगळे लावलेले असतात. गिऱ्हाइके हा रकाना वाचतात, मग बिल वाचतात, आणि न केलेल्या कामाचे पैसे कसले, असे विचारतात. ती त्यांच्यापुढे खुर्ची सरकवते, भिंग देते आणि मण्यांच्या रांगेपासून समजवायला सुरुवात करते. बिल मात्र कमी करत नाही.